ल्यूथर बरबँक व त्यांची कामोणी

पावसाळा सरून भाताच्या कापणीस आरंभ झाला कीं आमच्या कर्जत व खालापूर भागांत बांधांवर, परसांतील उकिरड्यापाशीं व विहिरींच्या कडेला कामोणीचीं झाडें दिसूं लागतात. हात-दीड हात उंचीचें झुडूप, बारीक पांढरीं फुलें आणि वाटाण्याएवढीं काळीं फळें, असें तिचें रूप आहे. शाळेच्या वाटेवर मुलें तीं तोडून खातात व त्यांचे ओठ जांभळे होतात. मागच्या हिंवाळ्यांत एका विद्यार्थ्याचे वडील मोठ्या काळजीनें आमच्याकडे आले. मुलानें विषारी फळें खाल्लीं असें कोणीसें त्यांस सांगितलें होतें. मुलगा धडधाकट अंगणांत उभा होता. आम्हीं त्यांस बसवून घेतलें व सांगितलें कीं, पुरती पिकलेली काळी कामोणी आपले लोक पिढ्यान् पिढ्या खात आले आहेत, तिच्या पाल्याची भाजीहि करितात. हिरवें फळ मात्र तोंडांत घालूं नये, कारण त्यांत विष असतें. त्यांचें समाधान झालें कीं नाहीं कोण जाणे, परंतु ते गेल्यावर आम्हांस एका थोर माळ्याची आठवण झाली. कामोणीच्याच कुळांतील एका फळापायीं शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं अमेरिकेंत मोठें भांडण झालें, आणि त्या भांडणांत ह्या माळ्याची अब्रू पणास लागली. त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस आवडेल असें वाटून येथें देत आहों.

ल्यूथर बरबँक ह्यांचा जन्म ता. ७ मार्च १८४९ रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत लँकेस्टर ह्या गांवीं झाला. वडील शेती करीत व विटाहि पाडीत. घर मोठें होतें. ल्यूथर हे भावंडांत तेरावे. गांवच्या विद्यालयांत जेवढें शिक्षण मिळालें तेवढेंच त्यांच्या वांट्यास आलें. महाविद्यालयाची पायरी ते कधीं चढले नाहींत. मात्र विशीच्या सुमारास त्यांच्या हातीं डार्विनसाहेबांचा एक ग्रंथ पडला. माणसानें पाळलेल्या प्राण्यांत व लावलेल्या वनस्पतींत फरक कसे पडत जातात ह्याविषयींचा तो ग्रंथ इ. स. १८६८ सालीं निघाला होता. त्याच सालीं वडील वारले. वांट्यास आलेल्या पैशांतून ह्या तरुणानें जवळच ल्यूननबर्ग येथें सतरा एकर जमीन घेतली व तो भाजीपाला पिकवून बाजारांत विकूं लागला.

इ. स. १८७२ सालची गोष्ट. बरबँक ह्यांच्या बटाट्याच्या वाफ्यांत एका झाडास फळ धरलें. आपल्या मुलांनीं बटाटा नित्य खाल्लेला असतो, पण बटाट्याचें फळ बहुतेकांनीं पाहिलेलें नसतें. तें लहान हिरव्या टोमॅटोसारखें दिसतें, आणि तेंहि विषारीच. बटाटा, टोमॅटो, वांगें, मिरची आणि आपली कामोणी हीं सर्व एकाच घराण्यांतलीं आहेत हें येथें लक्षांत ठेवावें. बरबँक ह्यांनीं जी जात लावली होती तिला फळ क्वचितच धरत असे. आंब्याची कोय लावली तर येणारें झाड आईसारखें निघेलच असें नाहीं, आणि कलम केलें तर तेंच झाड पुन्हां मिळतें, हें कोंकणांतल्या मुलांस सांगावयास नको. बटाट्याचेंहि तसेंच आहे. डोळा लावला तर जुनीच जात पुढें चालते. बीं पेरलें तर प्रत्येक रोप निराळें निघतें. म्हणून बरबँक त्या एका फळावर डोळ्यांत तेल घालून पाहारा करीत. एके दिवशीं पाहतात तों फळ नाहीं! वाऱ्यानें म्हणा, कुत्र्याच्या धक्क्यानें म्हणा, तें गळून पडलें होतें. त्यांनीं गुडघ्यांवर बसून वाफा धुंडाळला, दुसऱ्या दिवशीं पुन्हां धुंडाळला, आणि कांहीं पावलांवर तें फळ अखेर सांपडलें. आंत तेवीस बिया होत्या.

त्या तेवीस बियांचीं तेवीस रोपें झालीं. प्रत्येकाचे बटाटे निराळे निघाले. कोणाचे वेडेवांकडे, कोणाचे अगदींच लहान. एका रोपाखालीं मात्र मोठे, पांढरे, गुळगुळीत बटाटे निघाले. इ. स. १८७५ सालीं ग्रेगरी नांवाच्या एका बीं-व्यापाऱ्यानें ह्या जातीचे हक्क दीडशें डॉलरांस विकत घेतले. बरबँक ह्यांनीं पांचशें मागितले होते. व्यापाऱ्यानें त्या बटाट्यास बरबँक हें नांव दिलें व दहा बटाटे त्यांस बरोबर नेऊं दिले. पुढें ह्याच जातीमधून खरखरीत तांबूस सालीची एक जात आपोआप निघाली. अमेरिकेंत आजहि ती फार मोठ्या प्रमाणावर लावतात, आणि उपाहारगृहांतून तळलेल्या बटाट्याच्या लांब फोडी मिळतात त्या पुष्कळदां तिच्याच असतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांना त्या फोडी फार प्रिय आहेत त्यांनीं तें हरवलेलें फळ आठवावें.

दीडशें डॉलरांतून भाडें भरून, दहा बटाटे घेऊन, बरबँक त्याच वर्षीं देशाच्या दुसऱ्या टोंकास कॅलिफोर्नियांत सँटा रोझा येथें गेले. पहिले दिवस फार हलाखींत गेले. मिळेल ती सुतारकी व मजुरी त्यांनीं केली, आणि निजावयास जागा नसल्यामुळें कोंबड्यांच्या खुराड्यांत रात्री काढल्या असें सांगतात. हळूहळू त्यांनीं रोपवाटिका उभी केली. तिचें नांव झालें तें इ. स. १८८१ सालीं. डटन नांवाच्या एका धनिकास त्याच वर्षीं अलुबुखाराचीं वीस हजार कलमें हवीं होतीं. इतकीं कलमें तयार करण्यास दोन-अडीच वर्षें लागतात असें सर्व माळी म्हणत. बरबँक ह्यांनीं विचार केला कीं अलुबुखाराचें बीं रुजण्यास वेळ लागतो, पण त्याच्याच नात्यांतील बदामाचें बीं लौकर रुजतें. त्यांनीं बदाम पेरले, त्या रोपांवर उन्हाळ्यांत अलुबुखाराचे डोळे बांधले, आणि वर्ष संपण्याच्या आंत बहुतेक सर्व झाडें गिऱ्हाइकाच्या दारांत पोंचविलीं. ह्यांत जादू कांहीं नव्हती. डोळा बांधण्याचें काम आपल्याकडचे माळीहि करितात. पण कोणतें बीं किती दिवसांत रुजतें हें ज्याच्या जिभेवर असेल त्यालाच ही युक्ति सुचावयाची.

इ. स. १८८५ सालीं त्यांनीं जवळच सेबास्टोपोल येथें अठरा एकर जमीन घेतली, व तेव्हांपासून नव्या जाती निर्माण करणें हाच त्यांचा धंदा झाला. एका फुलाचा पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर घालावयाचा, त्या बियांचीं हजारों रोपें करावयाचीं, आणि ओळींतून चालत जाऊन हजारांतून एक निवडावयाचें. निवडलेल्या रोपास ते पांढऱ्या कापडाची चिंधी बांधीत. उरलेलीं उपटून जाळून टाकीत. पानावरून पुढचें फळ कसें येईल हें त्यांस रोप लहान असतांनाच कळे, आणि पाहणारे थक्क होत. अशा रीतीनें त्यांनीं सुमारें आठशें नव्या जाती बाहेर काढल्या असें मानितात. सँटा रोझा अलुबुखार, मोठ्या पांढऱ्या फुलांची शास्ता डेझी, बिनकांट्यांचें निवडुंग, हीं त्यांपैकीं विशेष गाजलीं.

परंतु त्यांचा खरा जीव बोरवर्गी लहान फळांवर होता असें आम्हांस वाटतें. थंड मुलखांत ब्लॅकबेरी व रासबेरी ह्या कांटेरी झुडुपांचीं रसाळ फळें होतात. इ. स. १८८१ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतच लोगन नांवाच्या एका न्यायाधीशाच्या परसांत ह्या दोन जातींचा आपोआप संकर होऊन लोगनबेरी हें नवें फळ निघालें. न्यायाधीशांनीं शेजारीं शेजारीं झुडुपें लावलीं होतीं, बाकीचें काम मधमाशांनीं केलें. बरबँक ह्यांनीं तेंच हेतुपुरस्सर केलें. त्यांची प्रायमस बेरी, फिनॉमिनल बेरी, आणि काळीऐवजीं चक्क पांढरीं फळें देणारी ब्लॅकबेरी ह्या त्या काळीं मोठ्या कौतुकाच्या वस्तु होत्या. फिनॉमिनल बेरीपासून पुढें यंग नांवाच्या गृहस्थांनीं यंगबेरी काढली. पुढील पिढींत बॉइसन ह्या माळ्याच्या संकराचीं झुडुपें टाकलेल्या मळ्यांत मरावयास टेंकलीं असतां नॉट नांवाच्या शेतकऱ्यानें तीं उचलून जगविलीं, आणि बॉइसनबेरी प्रसिद्ध झाली. अशीं फळें मोठ्या बाजारांत टिकत नाहींत. फळ इतकें मऊ असतें कीं टोपलींत एका रात्रींत त्याचें पाणी होतें. म्हणून तीं परसांतच जगतात, आणि परसाचा मालक कंटाळला कीं नाहींशीं होतात.

ह्यांतील एका फळाचा आपल्या देशाशीं नांवापुरता संबंध आहे. हिंदुस्थानांतून आलेल्या बियांपासून बरबँक ह्यांनीं एक जोमदार ब्लॅकबेरी वाढविली व तिला हिमालयाचें नांव दिलें. पुढें वनस्पतिशास्त्रज्ञांनीं ठरविलें कीं ती हिमालयाची नव्हेच, आर्मीनियाकडची आहे. आतां ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर इतकी माजली आहे कीं तेथील सरकार तिला उपद्रवी तण म्हणून उपटावयास लावतें. माळ्याच्या हातून सुटलेलें झाड त्याचें ऐकत नाहीं, हें घाणेरीनें आपल्या डोंगरांवरहि दाखवून दिलेंच आहे.

हीं कांटेरी झुडुपें कर्जतेस लावून पाहावीं असें कोणास वाटेल तर आमचा सल्ला असा कीं श्रम वांचवावे. बहुतेक जातींना हिंवाळ्यांत कडक थंडी लागते. महाबळेश्वरास स्ट्रॉबेरी होते ती साडेचार हजार फूट उंचीच्या हवेमुळें. आमच्याकडे शंभर इंचांहून अधिक पाऊस, आणि थंडी म्हणाल तर पहांटेपुरती. स्ट्रॉबेरीहि मूळची दोन अमेरिकन जातींच्या संकरानें फ्रान्सांत झालेली आहे, हें महाबळेश्वराहून ती घेऊन येणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें.

आतां कामोणीकडे वळूं. बरबँक ह्यांनीं सांगितलें कीं आफ्रिकेंतली एक व पश्चिम अमेरिकेंतली एक अशा कामोणीच्या दोन निरुपयोगी जातींचा संकर करण्याचा प्रयत्न ते सुमारें पंचवीस वर्षें करीत होते, आणि शेवटीं त्यांस गोड, निर्विष व भरपूर फळणारें असें नवें झाड मिळालें. त्यास त्यांनीं सनबेरी हें नांव दिलें. चाइल्ड्स नांवाच्या एका बीं-विक्रेत्यानें तें विकत घेऊन इ. स. १९०९ सालीं वंडरबेरी ह्या नांवानें मोठ्या जाहिराती देऊन विकलें. वंडर म्हणजे चमत्कार. जाहिरातींत अशी भाषा आली कीं आम्ही शिक्षक सावध होतों.

लोकांनीं बीं विकत घेतलें, पेरलें, फळें चाखलीं, आणि कित्येकांनीं तोंड वांकडें केलें. न्यूयॉर्कच्या एका शेतकी साप्ताहिकाचे संपादक कॉलिंगवुड ह्यांनीं उघड लिहिलें कीं ही तर कुंपणाशीं उगवणारी विषारी कामोणीच आहे. बरबँक संतापले. ही जुनी कामोणी आहे असें जो सिद्ध करील त्यास दहा हजार डॉलर देऊं असें त्यांनीं जाहीर केलें. ज्यानें हजारों झुडुपें जाळून एक राखावें अशा माणसास कोणी तणविक्या म्हटलें तर त्यास राग यावा ह्यांत नवल नाहीं. परंतु सिद्ध कसें करावयाचें? संकर कोणत्या वर्षीं केला, कोणत्या झाडाचा पराग कोणत्या झाडावर घातला, पहिल्या पिढींत किती रोपें झालीं व तीं कशीं दिसत, ह्याची वही असती तर एका दिवसांत प्रश्न मिटला असता. तशी वही नव्हती. सर्व कांहीं त्यांच्या डोक्यांत व डोळ्यांत होतें.

ह्याचा अनुभव दुसऱ्याहि लोकांस येत होता. वॉशिंग्टनच्या कार्नेजी संस्थेनें इ. स. १९०५ पासून बरबँक ह्यांस दरसाल दहा हजार डॉलर देऊं केले होते, आणि त्यांची पद्धत टिपून घेण्यासाठीं शल नांवाच्या तरुण शास्त्रज्ञास सँटा रोझास पाठविलें होतें. शल ह्यांनीं पुष्कळ महिने खटपट केली. पण शास्त्रास उपयोगी पडेल असें लेखी टिपण फार थोडें मिळालें. कार्नेजी संस्थेनें ही मदत बंद केली तें वर्षहि १९०९ च. एकाच वर्षांत हे दोन घाव बसले. तेव्हां बरबँक साठ वर्षांचे होते.

ह्या वादाचा उलगडा त्यांच्या हयातींत झाला नाहीं. त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं इंडियाना विश्वविद्यालयाचे हायझर ह्यांनीं कामोणीच्या जातींचा बारकाईनें अभ्यास केला. बरबँक ह्यांनीं सांगितलेल्या मातापित्यांचा संकर करून पाहिला असतां त्यांतून वंडरबेरी निघाली नाहीं. तेव्हां असें दिसतें कीं ती संकराची संततीच नव्हे. दक्षिण आफ्रिकेंत पूर्वींपासून असलेली ती एक स्वतंत्र जात आहे, आणि तेथील लोक तिचा पाला व फळें खातात. म्हणजे कॉलिंगवुड म्हणत ती विषारी कामोणीहि ती नव्हती, आणि बरबँक म्हणत ती नवी निर्मितीहि नव्हती. त्यांच्या बागेंत परदेशांतून सतत बिया येत; त्यांतून एक रोप उगवलें असेल व तें आपल्याच संकरांतलें असें त्यांस मनापासून वाटलें असेल. त्यांनीं जाणूनबुजून लबाडी केली असें म्हणणारेहि आहेत. आम्हांस तसें वाटत नाहीं. लबाड माणूस दहा हजार डॉलरांची पैज लावून जगाचें लक्ष आपल्या लबाडीकडे वेधून घेत नाहीं.

पुढील आयुष्याविषयीं थोडक्यांत सांगतों. त्यांच्या नांवानें निघालेली व्यापारी कंपनी थोड्याच वर्षांत बुडाली. तरी सामान्य लोकांचें प्रेम आटलें नाहीं. एडिसन व फोर्ड ह्यांच्यासारखीं माणसें इ. स. १९१५ सालीं त्यांच्या बागेंत येऊन गेलीं. आपल्या देशांतील परमहंस योगानंद ह्यांचा व त्यांचा स्नेह जडला, आणि योगानंदांनीं इ. स. १९४६ सालीं प्रसिद्ध केलेलें आपलें आत्मचरित्र त्यांस अर्पण केलें. इ. स. १९२६ च्या जानेवारींत बरबँक ह्यांनीं एका वर्तमानपत्राच्या बातमीदारास सांगितलें कीं रूढ अर्थानें आपण धर्मावर विश्वास ठेवणारे नव्हों. देशभर खळबळ उडाली, पत्रांचे ढीग आले, आणि प्रत्येकास समजावून उत्तर देण्यांत ह्या वृद्ध गृहस्थांची शक्ति खर्ची पडली. ख्रिस्ती ह्या नात्यानें आम्हांस त्यांचें मत मान्य नाहीं. पण ज्यांनीं त्यांस शिव्याशापांचीं पत्रें लिहिलीं त्यांचें वर्तनहि आम्हांस मान्य नाहीं, व ही गोष्ट विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवणें बरें वाटत नाहीं. ता. ११ एप्रिल १९२६ रोजीं ते सँटा रोझा येथें वारले. राहत्या घराच्या बागेंतच एका लेबानोनी गंधसरूखालीं त्यांस पुरलें. वनस्पतींच्या नव्या जातींवर हक्क देणारा कायदा अमेरिकेंत इ. स. १९३० सालीं झाला तेव्हां बरबँक ह्यांचें उदाहरण लोकांपुढें होतें.

हें चरित्र वाचून आमच्या मनांत आलें कीं आपल्या परसांत कामोणीच निवडून पाहावी. कर्जतेस भातसंशोधन केंद्र १९१९ सालापासून आहे, आणि तेथें इ. स. १९९८ सालीं सह्याद्रि हें संकरित भात निघालें. तेथील काम शास्त्रज्ञांचें; मुलांस झेपेल असें निवडीचें काम कामोणीवर करतां येतें. कृति सोपी आहे. पिकलीं फळें पाण्यांत कुस्करून बीं धुवून सांवलींत वाळवावें. पावसाचा जोर सरल्यावर, नवरात्राच्या सुमारास, वाफ्यांत वांग्याच्या रोपाप्रमाणें रोप करावें, व बोटभर उंच झालें कीं दीड दीड हातावर लावावें. शेणखत बेताचें घालावें. फार घातलें कीं पाला माजतो व फळ कमी धरतें. फळ काळें झाल्यावरहि चार दिवस थांबावें, म्हणजे चकाकी जाऊन तें मऊ होतें व गोडी उतरते. तेवढ्या अवधींत बुलबुल येतात. त्यास जुनें धोतर पांघरणें हाच उपाय. मुलांनीं फळ मोठ्या माणसास दाखविल्याखेरीज खाऊं नये, आणि शेजारीं धोतरा उगवला असेल तर तो आधीं उपटावा.

दोन वर्षांपूर्वीं आम्हीं व सातवीच्या मुलांनीं खालापूर व कर्जत बाजूच्या सहा निरनिराळ्या बांधांवरून बीं आणलें. सहा पुड्या केल्या, प्रत्येकीवर गांवाचें नांव घातलें, आणि पुढच्या वर्षीं सहा ओळी लावल्या. पळसदरीच्या बाजूचीं फळें स्पष्ट मोठीं निघालीं. मुलें फार आनंदलीं. तीं फळें निराळीं काढून बीं वाळविलें, पुड्या कौलाखालच्या फळीवर ठेविल्या. ज्येष्ठांत पहिल्याच जोराच्या पावसानें तें कौल गळलें. बीं वांचलें, पण शाई फुटून सर्व पुड्यांवर निळे डाग तेवढे उरले. कोणती पुडी कोणत्या गांवची हें आम्हांसहि सांगतां येईना. एक मुलगा म्हणाला कीं ही डाव्या हाताची पुडीच पळसदरीची, आपल्याला पक्कें आठवतें. दुसरा तितक्याच खात्रीनें उजव्या हाताची म्हणाला. दोघेहि खोटें बोलणाऱ्यांपैकीं नव्हते.

ह्या वर्षीं सहाहि बांधांवरून बीं पुन्हां आणलें आहे. पुड्या डब्यांत ठेविल्या आहेत, त्यांवर शिसपेन्सिलीनें लिहिलें आहे, आणि तेंच एका वहींत उतरून वही वर्गाच्या कपाटांत ठेविली आहे. रोप टाकून आज बारा दिवस झाले. चार ओळी उगवल्या, दोन अजून उगवावयाच्या आहेत.